दत्तक लेकीचं टाळूचं ऑपरेशन आहे, तिला कसं तयार करायचं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि कालपासून मनातून जाईना म्हणून सविस्तर लिहिते. लेक ४ वर्षांची, जन्मतः ओठ आणि टाळू फाटलेली, घरी येऊन ८ महिने झालेत, कन्नड बोलणाऱ्या भागातल्या संस्थेतून आलीय, ओठाचं ऑपरेशन ती तान्ही असताना संस्थेतनंच झालं होतं आणि टाळूचं राहिलंय ते आता पुढच्या महिन्यात बेळगावात करायचं ठरलंय. तुम्ही निपाणीच्या बाजूला राहता. सासूबाई म्हणतायत पोरीला काही सांगू नका, सांगितलं तर रडून रडून ताप काढेल, गुपचूप न्यायचं आणि गुपचूप आणायचं. आणि तुमच्या पोटात गोळा हा की तिला वाटेल हे लोक मला परत सोडायला चाललेत.

मी २२ वर्षं लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर होते, फाटलेला ओठ, टाळू, हर्निया, लघवीची ऑपरेशनं, सगळी पोरं हाताखालून गेली, त्यात दत्तक घेतलेलीही बरीच. तुमची भीती अगदी बरोबर आहे. बाकीची पोरं सुईला घाबरतात, आपल्या पोटच्या नसलेल्या पण आपल्याच झालेल्या या लेकरांची भीती वेगळी असते, ती सुईची नसते, ती दाराची असते. कुठल्या दारातून मला आत नेणार आणि बाहेर माझं माणूस असणार का नाही, एवढंच त्यांना कळायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की काय सांगायचं, काय बॅगेत भरायचं, डॉक्टरांशी काय बोलायचं हे आपोआप सुचत जातं बघा.

तिच्या डोळ्यांनी दवाखाना बघा जरा. लोखंडी खाटा ओळीत, फिनेलचा वास, एकसारख्या कपड्यातल्या बायका, ठरल्या वेळी येणारं जेवण, रात्री न विझणारी एक ट्यूबलाइट, आणि रडणारी दुसरी पोरं. तिला हे दवाखान्यासारखं नाही वाटणार, संस्थेसारखं वाटेल. आमच्या वॉर्डात एक ५ वर्षांची मुलगी आली होती, दत्तक येऊन वर्ष झालेलं, तिनं खाटेवर बसल्या बसल्या आपली चप्पल काढून छातीशी धरली ती सोडेचना. आयाबाई म्हणाली खाली ठेव की गं, कोण नेत नाही. ती बोलली नाही, रडली नाही, नुसती धरून बसली. तिची आई मग मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, संस्थेतून आमच्याकडं येताना हिची चप्पल तिकडंच राहिली होती, गाडीत अनवाणी आली होती. त्या दिवशी मी ती चप्पल एका स्वच्छ पिशवीत घालून तिच्या उशाखाली ठेवली आणि तिला सांगितलं, घरी जाताना हीच घालायची. तिनं दर थोड्या वेळानं हात घालून चाचपून बघितलं, पण हात मोकळे केले. आम्हाला सलाईन लावता आलं.

म्हणून पहिली गोष्ट, बॅग गुपचूप भरू नका. संस्थेतल्या मुलांना भरलेली बॅग म्हणजे जागा बदलणं एवढंच माहीत असतं. तिच्यासमोर भरा, तिच्याच हातानं दोन कपडे घालायला लावा, आणि मुद्दाम तिच्या काही वस्तू घरात ठेवा, तिचा आवडता फ्रॉक, शाळेची पाटी, जे काय असेल ते, आणि तिला दाखवा की हे इथंच राहणार कारण आपण ३-४ दिवसांत येणारच आहोत. तुमची पण साडी त्याच बॅगेत टाका, एका बॅगेत दोघींचे कपडे. तिच्या एकटीची वेगळी बॅग करू नका.

दुसरं म्हणजे आपले शब्द. आपण मराठीत किती सहज म्हणतो बघा, पोरीला दवाखान्यात ठेवलंय, ॲडमिट करून आलो, डॉक्टरांच्या ताब्यात दिलं, सोडून आलो. ठेवणं, देणं, सोडणं. हे तिन्ही शब्द तिच्या आयुष्यात खरे खरे घडलेत. घरातल्या सगळ्यांना सांगून टाका, फोनवर बोलतानासुद्धा, की हे शब्द हिच्यासमोर नकोत, "आम्ही दोघी दवाखान्यात जाऊन येणार" असंच म्हणायचं. जाऊन येणार. आपल्याकडं कोणी निघालं की जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, तीच आपली पद्धत इथं वापरा.

आता सासूबाईंचं. त्यांचं मन मला कळतं, त्यांना नातीचं रडणं बघवत नाही, यात वाईट काही नाही. पण गुपचूप नेलेलं मूल मी बघितलंय आणि ते मला आजही टोचतं. सुरुवातीच्या वर्षातली गोष्ट, कुठल्या दवाखान्यातली ते राहू दे. साडेतीन वर्षांचा मुलगा, दत्तक, हर्नियाचं ऑपरेशन. घरच्यांनी त्याला सांगितलेलं की मामाच्या गावाला जायचंय. आणि मीच त्याला आईच्या कडेवरनं घेतलं, चल तुला मासे दाखवते म्हणून, ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, कॉरिडॉरमध्ये फिशटँक होता ना. टँकपुढून तसंच पुढं आत नेलं. ऑपरेशन उत्तम झालं, काही त्रास नाही, दुसऱ्या दिवशी घरी. पण दीड महिन्यानं ती आई दाखवायला आली तेव्हा म्हणाली, हा आता शेजारणीच्या कडेवर पण जात नाही, मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून राहतो. घरच्यांनी खोटं सांगितलं होतं हे खरं, पण शेवटचं खोटं माझं होतं. त्यानंतर मी एकाही मुलाला मासे दाखवते, फोटो काढायला जाऊ, काही लागणार नाही असलं काही सांगितलं नाही. सासूबाईंना ही गोष्ट वाचून दाखवा हवं तर.

सांगायचं, पण कधी आणि किती? ४ वर्षांच्या मुलाला महिनाभर आधी सांगून उपयोग नाही, तेवढा काळ तिला मोजता येत नाही, नुसता घोर लागतो. २-३ दिवस आधी पुरे. ६-७ वर्षांचं मूल असतं तर आठवडाभर आधी म्हटलं असतं. सांगायचं थोडक्यात आणि दर वेळी त्याच शब्दात. मी आयांना तीन वाक्यं पाठ करायला लावायचे: आपण दोघी दवाखान्यात जाणार. डॉक्टर तुझ्या तोंडातलं भोक शिवणार. मग आपण दोघी आपल्या घरी येणार. तिसरं वाक्य कधीच गाळायचं नाही, दिवसात दहा वेळा विचारलं तर दहा वेळा तिन्ही वाक्यं. ती मध्येच खेळायला पळाली तरी पळू दे, ऐकलेलं असतं तिनं.

"भूल देणार" हा शब्द लहान मुलांपुढं नकोच, आपल्याकडं भूल म्हणजे चकवा लागल्यासारखं काहीतरी भयाण वाटतं. नुसतं "झोपवणार" म्हटलं तर मग रात्री झोपायला घाबरतात, हे पण बघितलंय. "औषधाची झोप" म्हणा, आणि हे जोडा की ही रोजच्या झोपेसारखी नाही, या झोपेत काहीच दुखत नाही, आणि डॉक्टर सगळा वेळ तुझ्याजवळ बसतात आणि काम झालं की उठवतात. हे खोटं नाही, भूलतज्ज्ञ खरोखरच शेवटपर्यंत डोक्याशी बसलेले असतात. दुखेल का विचारलं तर थोडं दुखेल, दुखलं की औषध असतं, तू मला सांगायचं. ऑपरेशनला दीड-दोन तास धरा, तो सगळा वेळ तुम्ही नेमक्या कुठल्या बाकावर बसणार ते बाक तिला आधी दाखवा, बोट ठेवून, मी इथं. आणि मग खरंच तिथनं हलू नका, चहाला तुमच्या मालकांना पाठवा.

शक्य असेल तर दाखल व्हायच्या २-३ दिवस आधी एक चक्कर मारून या, केएलई असो, सिव्हिल असो नाहीतर मिरज-कोल्हापूर असो, वॉर्डच्या सिस्टरला आधी फोन करून विचारलं तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. जा, खाट बघा, नळ बघा, संडास बघा, आणि त्याच दिवशी परत या. तो परत येण्याचा प्रवास सगळ्यात महत्त्वाचा, एकदा जाऊन आलं की तिच्या अंगाला कळतं की या इमारतीतून बाहेर पण निघता येतं. येताना हायवेला हत्तरगी, संकेश्वर करत घरापर्यंतच्या खुणा दाखवत या.

एक भुलीचा मास्क मागून घ्या, बऱ्याचदा वापरून झालेला स्वच्छ केलेला देतात, नाहीतर नेब्युलायझरचा चालतो. बाहुलीला लावा, तुम्ही स्वतःला लावा, मग तिनं लावला तर लावला. जबरदस्ती नाही. तान्हेपणी ओठाच्या वेळी तिला मास्क लावलेला असणार, तिला ते सांगता येणार नाही पण मास्क जवळ आला की अंग ताठ होतं अशी मुलं मी बघितलीत. तसं दिसलं तर भूलतज्ज्ञांना सांगा, ते आधी शांत करणारं औषध देऊ शकतात, मिडाझोलमचं सिरप किंवा नाकात स्प्रे, त्यानं पोर गुंगीत सैल होतं आणि आईपासून हात सोडवणं ओढाताण न होता होतं. सुई टोचायच्या जागी तासभर आधी सुन्न करणारं मलम लावतात तेही विचारा, छोटं असतं पण फार फरक पडतो. आणि झोप लागेपर्यंत आईला आत थांबू देणार का हे स्पष्ट विचारा. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही देत. नाही म्हणाले तर भांडत बसू नका, त्याऐवजी हे मागा की जागं होताना मला रिकव्हरीत बोलवा. माझ्या अनुभवात दोन्हींपैकी एकच मिळणार असेल तर जागं होतानाचं घ्या.

का सांगते. सेवोफ्लुरेन म्हणजे वासाच्या भुलीतून उठताना २ ते ६ वर्षांची मुलं कधी कधी फार बिथरतात, हातपाय झाडतात, आईला ओळखत नाहीत, दहा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास चालतं आणि मग निवळतं. घाबरू नका. पण त्या वेळी मुलाच्या तोंडून कुठली भाषा बाहेर येईल सांगता येत नाही, आणि हे आपल्या या सीमाभागातलं आहे म्हणून मुद्दाम लिहिते. वर्षभर घरात छान मराठी बोलणारा एक मुलगा भुलीतून उठताना "अव्वा, नीर बेकु, नीर बेकु" करून ओरडत होता, पाणी पाहिजे म्हणून. त्याची आई चंदगडकडची, तिला कन्नडचा गंध नाही, ती त्याला "काय हवंय राजा, काय हवंय" करत रडायला लागली आणि तो आणखी बिथरला. आमच्या आयाबाईनं त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं "हेदरबेड मगा, अव्वा इल्ले अदाळ", घाबरू नकोस बाळा, आई इथंच आहे, आणि तो निवांत झाला. मग तिनं आईचा हात घेऊन त्याच्या गालावर ठेवला.

तुमच्या लेकीची पहिली ३ वर्षं कन्नडात गेलीत. तिची सगळ्यात जुनी रडायची भाषा ती आहे. घरात मराठी बोलायची सवय लागावी म्हणून तुम्ही कन्नड बंद केलं असेल तर या महिन्यात उलट करा, चार-पाच शब्द शिकून घ्या आणि खेळता खेळता वापरा. नीर म्हणजे पाणी, ब्यानी म्हणजे दुखणं, हेदरबेड म्हणजे घाबरू नको, मनीगे होगोण म्हणजे घरी जाऊया. शेजारी कन्नड बोलणारं कोणी असेलच, त्यांच्याकडून उच्चार नीट करून घ्या. आपल्या भाषेवरचं प्रेम आपल्या जागी, मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली आहे, पण ऑपरेशनच्या दिवशी लेकराला जी भाषा लागते तीच आईची भाषा.

आता उपाशी ठेवणं. हा मुद्दा डॉक्टर दोन मिनिटांत सांगून मोकळे होतात पण दत्तक मुलांच्या बाबतीत हाच सगळ्यात अवघड जातो. नियम असा की जेवण आणि दूध ६ तास आधी बंद (दूध हे पाणी नव्हे, जेवणच, चहातलं पण), आणि साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं, काही भूलतज्ज्ञ १ तासापर्यंतही देतात. कारण भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून यात कणभर तडजोड नाही, आज्जीनं प्रेमानं तोंडात घातलेलं बिस्किट म्हणजे ऑपरेशन पुढं ढकललं. पण "रात्री १२ नंतर काही नाही" असं सरसकट सांगतात आणि नंबर दुपारी १ ला लागतो तेव्हा पोर १३ तास उपाशी. म्हणून पहिला नंबर मागून घ्या, आणि पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते वेळेसकट कागदावर लिहून घ्या.

तुमची लेक कधी भात लपवते का, उशीखाली चपातीचा तुकडा ठेवते का, पोट भरलं तरी ताटावरनं उठत नाही का? ८ महिन्यांत तुम्हाला कळलं असेल. तसं असेल तर सकाळी उठून खायला मिळत नाही म्हणजे तिच्यासाठी जुने दिवस परत आले. आदल्या रात्री तिच्या देखत एक डबा भरा, त्यात काय आहे ते तिला दाखवा, डब्यावर तिचं नाव घाला आणि सांगा ऑपरेशन झाल्यावर हे तुझं, आणि तुला खायला नाही तोपर्यंत मी पण खाणार नाही. आणि खरंच खाऊ नका तिच्यासमोर. डब्यात काय ठेवायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून, टाळूनंतर चावायचं काही चालत नाही, तेव्हा बिस्किटं, चिरमुरे, लाडू, अगदी आपला कुंदा पण नको, थंड खीर किंवा आईस्क्रीम ठरवा, ते वेळेवर ताजं आणलं तरी चालेल, डबा तिचाच पाहिजे.

आता एक गोष्ट जी कोणीच सांगत नाही. ती अंगठा चोखते का? बोटं तोंडात घालून डुलते का झोपताना? संस्थेतली बरीच मुलं करतात, जवळ घ्यायला कोणी नसतं तेव्हा मूल स्वतःच स्वतःला असं शांत करतं. टाळूच्या ऑपरेशननंतर बोट तोंडात घालायला सक्त मनाई असते, टाके उसवू शकतात, आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे कोपरं वाकू नयेत म्हणून हाताला पट्ट्या बांधायची पद्धत आहे. विचार करा, दुखतंय, भूक लागलीय, जागा परकी आहे, आणि जी एकच गोष्ट तिला शांत करते तीच काढून घेतली, वर हात बांधले. काही मुलांना कुठं कुठं खाटेला बांधूनही ठेवलेलं असतं, ते आपल्याला कधी कळत नाही, पट्टी बांधताना त्यांच्या किंकाळीतून कळतं.

म्हणून हे काम आजपासून सुरू करा, अजून एक महिना आहे हातात. अंगठा सोडवू नका, रागावू नका, कडू काही लावू नका, त्याच्याजोडीला दुसरं काहीतरी लावून द्या. झोपवताना तुमच्या जुन्या मऊ लुगड्याचा एक तुकडा तिच्या मुठीत द्या, रोज तोच, धुवायचा नाही, तुमचा वास राहू दे. पाठीवरून एकाच लयीत हात फिरवायचा, एकच ओवी नाहीतर एकच गाणं, रोज. महिन्याभरात अंगठा सुटणार नाही पण या दोन गोष्टी तिच्या ओळखीच्या होतात, आणि ऑपरेशननंतर त्याच कामाला येतात. पट्ट्यांचं सर्जनना आधीच विचारा, की ही मुलगी संस्थेतून आलीय, मी चोवीस तास जवळ बसते, पट्ट्या टाळता येतील का? आता बरेच सर्जन त्याचा हट्ट धरत नाहीत. लागणारच असतील तर घरी आठवडाभर आधी जुनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून बाहुलीला बांधा, तुमच्या हाताला बांधा, तिला तुम्हाला घास भरवू दे, मग तिच्या हाताला ५ मिनिटं, आणि सोडायचं ती म्हणेल तेव्हा.

डॉक्टरांशी बोलायचं ते. भूलतज्ज्ञ विचारतील घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, रक्त न थांबण्याचा आजार, दमा, फिट? माणूस सवयीनं "नाही" म्हणून जातो. तुम्ही "नाही" म्हणायचं नाही, "माहीत नाही, दत्तक आहे" म्हणायचं. या दोन उत्तरांत फार मोठा फरक आहे, माहीत नाही म्हटलं की ते जादा तपासण्या करतील, जादा सावध राहतील. आणि संस्थेला फोन करून ओठाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड मागवा, त्यात कुठली भूल दिली, काही अडचण आली का, रक्तगट काय हे बऱ्याचदा असतं. कारा (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) मार्फत दत्तक घेतलं असेल तर तुमच्याकडं मेडिकल रिपोर्ट आणि मुलीची माहिती असलेला रिपोर्ट आहेच, तो फाईलला लावा, आणि २ वर्षं दर ६ महिन्यांनी संस्थेचे लोक विचारपूस करतातच, तेव्हा कार्ड मागायला संकोच नको. त्या वेळी दवाखान्यात तिच्याजवळ कोण होतं तेही विचारा. बहुतेक वेळा एखादी आया असते, ती पण ड्युटी बदलली की बदललेली.

हे "दत्तक आहे" मात्र भूलतज्ज्ञ, सर्जन आणि इनचार्ज सिस्टर यांना बाजूला घेऊन सांगायचं. राऊंडला दहा स्टुडंटपुढं खाटेशी उभं राहून "ही ॲडॉप्टेड चाइल्ड" असं कोणी म्हणायला लागलं तर नम्रपणे थांबवा. खाटेवरच्या पोरीला इंग्रजी कळत नसेल, माणसं तिच्याकडं कशी बघायला लागली ते कळतं.

कागद: दत्तक आदेशाची प्रत (सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात), नवीन जन्मदाखला, आधार. जुन्या कागदांवर संस्थेतलं नाव आणि आधारवर तुम्ही ठेवलेलं नाव असलं की विम्याच्या नाहीतर सरकारी योजनेच्या क्लेमचं अडतं, तेव्हा आदेशाच्या दोन-तीन झेरॉक्स ठेवाच. आदेश अजून हातात आला नसेल तर ऑपरेशनच्या संमतीवर सही कोणी करायची हे संस्थेकडून आधी लेखी घ्या, ओटीच्या दारात हा घोळ नको. पैशाचं म्हणाल तर फाटलेला ओठ-टाळू हे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बसतं, १८ वर्षांपर्यंत, अंगणवाडीतून किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून पत्र मिळतं. स्माईल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या दवाखान्यांत हे ऑपरेशन फुकट होतं. आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेचं कार्ड वापरणार असाल तर रेशन कार्डावर लेकीचं नाव चढलंय का बघा.

तब्येतीचं थोडक्यात. हिमोग्लोबिन आताच करून घ्या, संस्थेतल्या मुलांचं बऱ्याचदा कमी असतं आणि एक महिन्यात औषधानं सुधारता येतं. सर्दी-खोकला, ताप असेल तर लपवू नका, ऑपरेशन पुढं गेलेलं परवडतं. कानाची तपासणी करून घ्या, टाळू फाटलेल्या मुलांच्या कानात पाणी साठतं आणि ऐकू कमी येतं, ती हाक मारल्यावर बघत नाही म्हणजे हट्टी आहे असं समजतात आणि ती ऐकतच नसते. गरज असली तर त्याच भुलीत कानाचंही करून टाकतात. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांच्या वयात शिवतात, हिचं उशिरा होतंय, त्यामुळं नंतर स्पीच थेरपी लागेल, पण उशीर झाला म्हणून हातपाय गाळून बसायचं कारण नाही, ४ थ्या वर्षी केलेल्या मुलांचं बोलणं सुधारलेलं मी स्वतः ऐकलंय.

नातेवाईकांचं एक सांगायचं राहतंच. भेटायला येणारी माणसं तिच्या उशाशी बसून बोलतात, "हिच्या आईनं ग्रहण पाळलं नसेल, चिरलं असेल काहीतरी." ग्रहणाचा आणि फाटलेल्या टाळूचा काही संबंध नाही, आईच्या पोटात पहिल्या तीन महिन्यांत टाळूच्या दोन बाजू जुळायच्या राहून जातात एवढंच. पण इथं विज्ञानापेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे, ती पोर ऐकते की मला कोणीतरी आधीची आई होती आणि तिनं काहीतरी चूक केली म्हणून माझं तोंड असं आहे. असं बोलणाऱ्या माणसाला तुम्ही नाही, तुमच्या मालकांनी नाहीतर सासूबाईंनी थांबवायचं. सासूबाईंना हे काम द्याच, नातीसाठी त्या वाघिणीसारख्या उभ्या राहतील.

ऑपरेशननंतर लाळेत थोडं रक्त एक-दोन दिवस दिसतं. कधी कधी पहिले काही तास जिभेला एक दोरा घालून गालावर चिकटवलेला असतो, श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून, तुम्हाला आधी माहीत असलं की बघून दचकणार नाही. लालभडक रक्त सतत येत असेल तर मात्र लगेच सिस्टरला हाक. खायला पेज, डाळीचं पाणी, नाचणीची पातळ गार लापशी, मिक्सरमधून काढलेला ताकभात, वाटीनं किंवा कपानं. स्ट्रॉ नाही, टोकदार चमचा नाही, आणि प्रत्येक खाण्यानंतर दोन घोट पाणी, म्हणजे टाक्यांत काही अडकत नाही. दोन-तीन आठवडे, सर्जन सांगतील तेवढे.

आणि ती अजिबात रडली नाही तर खुश होऊ नका ताई. वॉर्डात सगळे म्हणतील किती शहाणी पोर, सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. आम्ही सिस्टर पण म्हणायचो पूर्वी. रडून कोणी येत नाही हे ज्या मुलाला लवकर कळतं ते रडायचं सोडून देतं. म्हणून दुखण्याचं औषध ती मागेल तेव्हा नको, घड्याळाप्रमाणं, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला द्या. ती कपाळाला आठ्या घालते का, पाय पोटाशी घेते का, लुगड्याचा तुकडा घट्ट आवळते का ते बघा. आणि घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एकदम भोकाड पसरून, लाथा झाडून, तुम्हाला चावून रडायला लागली तर ते बिघडलं नाही. वॉर्डात धरून ठेवलेलं घरी सोडतेय, कारण घर कुठलं हे तिला कळलंय. अंथरूण ओलं करेल, रात्री दचकून उठेल, पदर सोडणार नाही, दोन-तीन आठवडे चालायचंच. तेवढे दिवस तुमच्या कुशीतच झोपवा, वेगळं झोपायची सवय मोडेल म्हणून आता काळजी करू नका.

आठ-दहा दिवसांनी टाके बघायला बोलावतील. तेव्हा परत त्याच इमारतीत जायचं असतं आणि तिला वाटतं आता खरंच मला सोडायला आणलंय. त्या दिवशी बॅग नेऊ नका, फक्त पर्स, आणि निघताना तिच्याच हातानं घराला कुलूप लावून किल्ली तिच्या फ्रॉकच्या खिशात द्या.